शेतातून जातं काय, परत येतं काय

साखरेच्या पोत्यातून शेताचं काहीच जात नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाडच्या माणसाला हे पटायला जड जातं, कारण गळिताच्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर उसाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. उसानं लादलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, वजनकाट्यापुढची रांग. एवढा ऊस रानातून उठतो म्हटल्यावर मातीचं काहीतरी जाणारच. जातंही. पण ते साखरेत जात नाही. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. कार्बन पानांनी हवेतून घेतलेला, हायड्रोजन पाण्यातला. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) यांतलं काही साखरेच्या दाण्यात नसतं. शंभर टन ऊस वाढायला जमिनीतून शंभर किलोहून जास्त नत्र उचललं जातं, पालाश तर त्याहून जास्त. साखर तयार होईपर्यंत ते सगळं वाटेत कुठं ना कुठं बाजूला पडतं. इथेनॉलचंही तसंच. कितीही टँकर भरून गेले तरी त्यातून मातीचं काही जात नाही.

बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. वाटेत बाजूला पडणारं हे नेमकं कुठं पडतं, आणि तिथून ते रानात परत येतं की नाही, हा आमच्या भागापुरता खताचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे असं मला वाटतं. युरियाच्या दरापेक्षा आणि टंचाईपेक्षाही मोठा.

माझं माहेर निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. शिवाराच्या पलीकडं महाराष्ट्र. ऊस कधी इकडच्या कारखान्याला जातो, कधी तिकडच्या. दर कुणाचा बरा आणि ऊसतोडीची टोळी कुणाची आधी येते यावर ते ठरतं. सासर बेळगावच्या दक्षिणेला, वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात. तिथं भात. लग्न झाल्यापासून दोन्हीकडची शेती बघत आले. माहेरी जे बाजूला पडतं ते डोळ्यांसमोर तरी असतं. सासरी जे जातं ते कुठं जातं, याचा माग काढताना मी शेवटी शहराच्या गटारापर्यंत पोचले.

आधी उसाचं सांगते. ऊस तुटला की सगळ्यात आधी मागं राहतं ते पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. हेक्टरी आठ-दहा टन. मग कारखान्यात रस काढल्यावर राहतो बगॅस. तो बॉयलरमध्ये जळतो, त्याची वाफ होते, वीज होते, मागं राख राहते. रसात चुना घालून तो निवळतात तेव्हा रसातलं बरंचसं स्फुरद चुन्याबरोबर खाली बसतं आणि गाळात येतं. हाच प्रेसमड. गाळलेल्या उसाच्या साधारण तीन-चार टक्के. पालाश मात्र पाण्यात विरघळणारं, ते रसाबरोबर पुढं पुढं जातं, साखरेचे दाणे वेगळे झाले की मळीत राहतं, मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल काढलं की स्पेंटवॉशमध्ये राहतं. तो तपकिरी, उग्र वासाचा स्पेंटवॉश एके काळी ओढ्या-नाल्यांत सुटायचा आणि मासे मरायचे, हे आमच्या पिढीनं लहानपणी पाहिलेलं आहे. आता बऱ्याच ठिकाणी तो आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. त्याच्या राखेत पालाश असतं. केंद्र सरकारनं 2021 साली या पालाशाला पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाच्या योजनेत घेतलं. त्यासाठी त्या राखेच्या खतात किमान 14.5 टक्के पालाश असावं लागतं.

ही बातमी आमच्याकडं फार कुणी वाचली नाही, पण मला ती फार मोठी वाटली. आपल्या देशात पोटॅशच्या खाणी नाहीत. लाल-पांढरं म्युरेट ऑफ पोटॅश कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल असल्या देशांतून बोटीनं येतं. तिकडं युद्ध झालं की इकडं पोत्याचा दर वाढतो. आणि ज्या रानात ते पोतं ओतायचं, त्याच रानातलं पालाश पाच-दहा कोसांवरच्या डिस्टिलरीच्या राखेत पडून असतं. हे रानाचं आहे, ते रानाला परत मिळायला हवं. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दरावरून सभासद घसा कोरडा करतात, ते योग्यच आहे. पण आपल्या उसाची राख आणि प्रेसमड कुणाला, किती, काय दरानं गेला, हा प्रश्नही त्याच पोटतिडकीनं विचारला गेला पाहिजे.

गुळाचं थोडं वेगळं. गुळात रसातले क्षार राहतात, त्यामुळं ढेपेबरोबर थोडं पालाश जातंच. पण गुऱ्हाळं आता राहिलीत किती!

पाचटावरून माहेरी दर हंगामाला वाद. घरातल्या थोरल्या आण्णांच्या पिढीला पाचट म्हणजे अडगळ. "पाचाट ठेवून काय उंदरं पाळायची व्हय?" हा त्यांचा ठरलेला सवाल. आणि त्यांचं सगळंच चूक नाही. पाचट सरीत पडलं की पाणी पुढं सरकत नाही, कोंब दबतात, मशागतीची अवजारं अडकतात, साप-किरडूची भीती असते, आणि एवढं पाचट हातानं सारखं करायला माणूस मिळत नाही. काडी लावली की तासाभरात रान मोकळं. संध्याकाळी निपाणीकडून येताना हायवेच्या दोन्ही अंगांना धूर दिसतो तो या सगळ्या अडचणींचा आहे. शेतकऱ्याला आडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एकदा तुटलेल्या उसाच्या रानात भर उन्हात पाचट ओढून बघावं.

पण जळतं काय, हेही बघायला पाहिजे. पाचटातलं नत्र आणि गंधक धुरातून निघून जातं. पालाश राखेत राहतं, पण ती राख वाऱ्यानं आणि पहिल्या वळवानं वाहून जाते. आणि कर्ब, म्हणजे कार्बन, ज्याच्यावाचून नदीकाठची ही रानं दिवसेंदिवस घट्ट आणि क्षारपड होत चालली आहेत, तो सगळा जातो. आमच्याकडं विहिरी आणि नदीवरच्या मोटारींच्या जोरावर इतकी वर्षं पाणी पाजलं की काही पट्ट्यांत आता मिठाचा पांढरा थर वर दिसतो. अशा जमिनीला पोत्यातल्या खतापेक्षा कुजलेल्या काडीकचऱ्याची गरज जास्त.

दादानं आण्णांशी न भांडता एक तुकडा बाजूला घेतला. कृषी विद्यापीठाची शिफारस सोपी आहे: एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू. एका आड एक सरीत पाचट दाबायचं, मधली सरी पाण्याला मोकळी ठेवायची. युरिया कशाला, असं आण्णांनी विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना आधी स्वतःला नत्र लागतं. बाहेरून दिलं नाही तर ते मातीतलं ओढून घेतात आणि खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून परत फुटलेला ऊस, पिवळा पडतो. पुष्कळ जण पाचट ठेवून बघतात, पिवळा खोडवा बघून हबकतात आणि पुढच्या वर्षी परत काडी लावतात. दादाच्या त्या तुकड्यात उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तरी ऊस तग धरून राहिला. आण्णा बांधावर उभं राहून नुसतं बघत होते. पुढच्या तोडीला त्यांनी टोळीच्या मुकादमाला स्वतःच सांगितलं, "काडी लावायची न्हाई हां रानाला." वर्षभर समजावून जे झालं नसतं ते त्या ओल्या मातीनं केलं.

साखरेसारखंच तेलाचं. शेंगदाण्याचं तेल गेलं तरी पेंड राहते, पेंड जनावराला, जनावराचं शेण उकिरड्यात, उकिरडा रानात. गावात लाकडी घाणा होता तोवर हे फेरे गावातल्या गावात पुरे व्हायचे.

भाताचं तसं नाही. भाताच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, पालाश राहतं, ते गोठ्यातून फिरून रानात येतं. पण नत्र आणि स्फुरद यांचा मोठा वाटा दाण्यात असतो आणि दाणा बाजारात जातो. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या रानातला बासमती, इंद्रायणी पोत्यानं बाहेर जातो. भात निघालं की ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. बेळगावच्या आसपासचा भाजीपाला तर पहाटेच्या गाड्यांनी चोर्ला घाट उतरून गोव्यात. कोबी, फ्लॉवर, कोथिंबीर, मिरची, सोबत दूध. गोव्याच्या स्वयंपाकघरात बेळगावच्या रानाचा केवढा तरी नत्र-स्फुरद रोज पोचतो. तो परत येत नाही. येण्याची वाटच नाही.

शहरात खाल्लेल्या अन्नातलं हे सगळं जातं कुठं? वाढीचं वय सरलं की माणसाचं शरीर जेवढं नत्र आणि स्फुरद घेतं जवळजवळ तेवढंच बाहेर टाकतं. त्यातलं बहुतेक नत्र लघवीतून. आपल्याकडच्या जेवणावर वर्षाला माणशी अडीच-तीन किलो नत्र धरायला हरकत नाही. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात साधारण 20 किलो नत्र असतं. म्हणजे सात-आठ माणसांच्या एकत्र कुटुंबातून वर्षाकाठी एका पोत्याएवढं नत्र मोरीतून आणि संडासातून निघून जातं. 2011 च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या 4 लाख 88 हजार होती. पाच लाख धरली तरी सुमारे साठ हजार पोती. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे, पण तो मांडल्यापासून शहराच्या गटाराकडं मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

नत्राचं एक वेळ समजू शकतं. हवेत नत्र अमाप आहे. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 साली हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला, कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला, आणि तेव्हापासून इंधन जाळून नत्र बनवता येतं. आपला युरिया अशाच पद्धतीनं नैसर्गिक वायू वापरून होतो. स्फुरद मात्र कुणालाच बनवता येत नाही. ते खडकातून खणून काढावं लागतं. आपल्याकडं राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोट्र्याला खाण आहे, पण ती देशाला पुरत नाही. जगातल्या माहीत असलेल्या साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. मृगाच्या तोंडावर डीएपी या स्फुरदाच्या खताच्या पोत्यासाठी सोसायटीच्या दारात पहाटेपासून चपला ठेवून जी रांग लागते, तिचं एक टोक आफ्रिकेच्या वाळवंटात आहे. आणि गंमत अशी नाही, दुःख असं आहे, की स्फुरद हे मूलद्रव्य पहिल्यांदा माणसाच्या हाती लागलं ते लघवीतूनच. 1669 साली हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रँड नावाचा किमयागार सोनं मिळेल या आशेनं लघवी आटवत बसला होता. हाती लागला तो अंधारात चमकणारा फॉस्फरस.

बेळगावचं गटार सासरच्या शिवारातून जातं. बळ्ळारी नाला. शहराचं सांडपाणी घेऊन तो वडगाव, शहापूर, येळ्ळूर, हलग्याच्या रानांतून पुढं पूर्वेला जातो. पावसाळ्यात तो फुगला की लावलेलं भात दिवसेंदिवस पाण्याखाली राहतं. दरवर्षी वर्तमानपत्रांत फोटो येतात. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते सांगतात की त्यांच्या लहानपणी या नाल्याचं पाणी जनावरं प्यायची. मग शहर वाढलं, पाणी काळं झालं, आणि काही वर्षं काठच्या रानांत भात असं काही माजलं की लोक खूश झाले. खत न घालता हिरवंगार. त्यात नत्र होतंच. पण नत्र जास्त झालं की भात पाल्याला जातं, दाणा भरत नाही, वाऱ्याला लोळतं. तण आवरत नाही. कीड येते. आणि पाण्यात नत्र एकटं थोडंच येतं? साबणाचे फेस, प्लास्टिक, दवाखान्यातलं, गॅरेजमधलं, कुणी काय सोडलं कोण जाणे. लावणीला उतरलेल्या बायकांच्या पायांना खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत कुजतं. मामी रात्री पायांना खोबरेल तेल लावत बसतात तेव्हा "पोषणद्रव्यांचं चक्र" हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

हे फक्त आमच्याकडचं नाही. हुबळी-धारवाडच्या खालच्या अंगाला सांडपाण्यावर शेती करणाऱ्यांचा अभ्यास झालेला आहे. त्यातही हेच: बारमाही पाणी आणि खताचा खर्च वाचतो म्हणून शेतकरी ते घेतात, आणि मग तण, कीड, औषध फवारणीचा वाढता खर्च आणि जंतांचा त्रास सोसतात. इकडं उलट बाजूनं पंचगंगा बघा. कोल्हापूर-इचलकरंजीचं घेऊन ती नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि तेच पाणी पुढं आमच्या चिकोडी-अथणीकडं येतं. उन्हाळ्यात पंचगंगेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, नदी दिसत नाही. ती जलपर्णी कशावर वाढते? ज्याच्यासाठी आपण रांगेत उभे असतो त्या नत्रावर आणि स्फुरदावरच. दोन राज्यांत सीमेचा खटला इतकी वर्षं चालू आहे, तो आमच्या जिवाचा विषय आहे; पण नदीतून हे जे इकडून तिकडं जातं त्याबद्दल दोन्ही सरकारं एकत्र बसल्याचं फारसं दिसत नाही.

पूर्वी हे चक्र पुरं होत होतं, असं हळहळून सांगणारे पुष्कळ भेटतात. होत होतं, खरं आहे. हुबळी-धारवाडला पालिका शहराचा कचरा खड्ड्यांत कुजवून त्याचा लिलाव करायची. आसपासचे शेतकरी बोली लावून तो गाडीनं न्यायचे. कचऱ्यात प्लास्टिक आणि काच वाढली तशी ती मागणी घटली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी 1939 च्या सुमारास शहरातला कचरा आणि मैला यांचे थर चरात देऊन, मातीनं बंद करून खत करायची रीत बसवली. ती पुढं बंगळूर पद्धत म्हणून देशभर गेली. त्याआधी अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला काडीकचरा आणि शेणाची रीत घालून दिली होती. आणि आपल्या मराठी मुलखात नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, ज्यांना लोक नाडेप काका म्हणत, जाळीदार विटांच्या टाक्यात थोड्या शेणात खूप खत करायची पद्धत दिली. कमी जनावरांच्या घराला ती अजूनही सगळ्यात सोयीची. माझ्या दाराशी तसंच एक टाकं आहे.

पण सोनखत, म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत, शेतापर्यंत पोचायचं ते कुणाच्या तरी डोक्यावरून. ज्यांनी ते वाहिलं त्यांना गावानं शिवारात वाटा दिला नाही, पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. त्यांच्या घामातून आणि अपमानातून ती रानं काळी झाली. जुन्या दिवसांचं कौतुक करताना हे वगळलं तर सगळंच खोटं होतं. कर्नाटकात डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा निर्णय सत्तरच्या दशकात बी. बसवलिंगप्पा यांनी देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात असताना घेतला. पुढं 1993 आणि 2013 साली देशाचे कायदे झाले. तरी गटारात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या अजून येतात. म्हणून माझी पहिली अट हीच: शहरातून शेताकडं काहीही परत न्यायचं असेल तर ताज्या मैल्याला कुणाचा हात लागता कामा नये. खत नंतर.

ही अट पाळता येते. आंबोली घाट उतरून कणकवलीला गेलं की गोपुरी आश्रम आहे. अप्पासाहेब पटवर्धन यांनी तो उभा केला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं म्हणून उपोषण करणारा हा माणूस. पुढं त्यांनी आपलं आयुष्य ज्यात घालवलं त्यात एक काम होतं खत देणाऱ्या साध्या संडासाचं, ज्यात मैला जागच्या जागी मुरतो, कुणाला वाहावा लागत नाही. आमच्या बेळगावातही 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस अधिवेशन भरलं तेव्हा सफाईचं काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं होतं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघायला लोक जातात. त्या सफाईची आठवण तिथं कुणी काढत नाही.

दोन खड्ड्यांचा संडास ही त्याच विचाराची आजची रीत. दोन उथळ खड्डे, आत विटांची जाळी, मध्ये एक छोटा चेंबर. एक खड्डा भरला की त्याचं तोंड बंद करून मैला दुसऱ्यात वळवायचा. बंद खड्ड्यातलं पाणी जमिनीत मुरतं, उरलेलं दोनेक वर्षांत कुजून कोरडी, भुरभुरीत, बिनवासाची माती होते. जंतांची अंडी मरायला एवढा वेळ द्यावाच लागतो. तिथं घाई नको. 2017 साली केंद्रातल्या पेयजल आणि स्वच्छता खात्याच्या सचिवांनी तेलंगणातल्या गंगदेवीपल्ली गावात अशा खड्ड्यात उतरून ती माती स्वतः बाहेर काढली. लोकांची भीती जावी म्हणून.

आमच्या गावाकडं मात्र ज्याला-त्याला मोठा सेप्टिक टँक हवा असतो. "परत परत उपसायला नको," हे त्याचं कारण. एका घरात मी असा टँक पाहिला आहे की त्यात बैलगाडी मावेल. तो पक्का, सिमेंटचा, तळालाही काँक्रीट. त्यात मैला पाण्याखाली राहतो, माती होत नाही, आणि कधीतरी भरतोच. मग सक्शनचा टँकर बोलवावा लागतो. खानापूर तालुक्यातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी दोन खड्ड्यांचा संडास आहे. तिच्या सासूबाईंनी जुना खड्डा उघडला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. फावड्यानं काढलेली ती माती त्यांनी पाटीत घेतली, नाकाशी नेली आणि सरळ परसातल्या नारळाच्या आळ्यात ओतली. वर पालापाचोळा टाकला. पालेभाजीत घालणार नाही म्हणाल्या, आणि ते शहाणपणाचं आहे. कच्चं खायचं त्याला हे खत नकोच. फळझाडं, केळी, नारळ, ऊस यांना चालतं.

शहराला हे जमणार नाही, दाटीवाटीत दोन खड्डे कुठं खणणार? शहरांसाठी दुसरी वाट आहे. बंगळूरजवळ देवनहळ्ळीला 2015 पासून सेप्टिक टँकचा गाळ घेणारं केंद्र चालतं. टँकर तिथं येऊन रिकामे होतात, पाणी उतारानं एका टाकीतून दुसरीत जातं, गाळ वाफ्यांत वाळतो आणि मग गावच्या ओल्या कचऱ्याबरोबर कुजून खत होतो. अवघड यंत्रं नाहीत. मोठ्या शहरांच्या सांडपाण्यातून स्फुरदाचे खडे वेगळे काढण्याची पद्धतही जगात चालू आहे. मॅग्नेशियम मिसळलं की नत्र आणि स्फुरद धरून पांढरे स्फटिक खाली बसतात, त्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. तिला खर्च आणि देखरेख दोन्ही लागतं. तालुक्याच्या गावाला देवनहळ्ळीसारखं काही पुरेसं आहे. कारखान्यांचं पाणी वेगळं ठेवलं पाहिजे, कारण जड धातू एकदा मातीत आले की ते निघत नाहीत. आणि खत देण्याआधी दर खेपेला तपासणी झाली पाहिजे. या दोन गोष्टींत सवलत देऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण एकदा शेतकऱ्याचा विश्वास गेला की पुढची वीस वर्षं तो त्या ढिगाकडं फिरकणार नाही. हुबळीच्या कचऱ्याचं तेच झालं.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. मामा अजून दिवाळीत पणत्या लावताना एक उकिरड्यावर ठेवायला लावतात. पाडव्याला दारात शेणाचे पांडव होतात, त्यांच्या डोक्यावर कारळ्याची नाहीतर झेंडूची फुलं. शेणाला आपण कधी घाण म्हटलं नाही. ज्या धनगरांची बकरी रानात तळाला बसतात त्यांना आपण धान्य देतो, पैसे देतो, आणि दोन रात्री जास्त बसवा म्हणून गळ घालतो. लेंड्या आणि मूत थेट रानात पडतं म्हणून. एवढी समज या मुलखाला आहे. माणसापाशी आलं की ती थांबते, आणि ती का थांबते हे वर लिहिलंच आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीत सक्शनचा टँकर आला होता. पाइप गुंडाळत असताना मी चालकाला विचारलं, हे आता कुठं ओतता? तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, "अक्का, खरं सांगू काय, ओढा बघायचा, न्हाईतर कुणाचं पडीक रान. लोकं मारायला येतात. रातचं जावं लागतंय." मी देवनहळ्ळीचं सांगितलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं, पाइप खाली ठेवला. "अशी जागा एक दावा की, बेळगावच्या दहा मैलांत कुठंबी. डिझेल माझं. मी एकटा न्हाई, सगळे टँकरवाले येतील." त्याचं म्हणणं मी तसंच्या तसं लिहून आमच्या भागाच्या ग्रामपंचायतीत अर्जासोबत दिलं आहे. वाळवायच्या वाफ्यांना गायरानातली किती जागा लागेल, पावसाळ्यात त्यावर पत्रा घालावा लागेल, नाल्याच्या पुराच्या रेषेच्या वर ती असली पाहिजे, आणि तयार खत आधी उसाला आणि नारळालाच द्यायचं, एवढं त्यात मांडलंय. शेजारच्या दोन गावांतल्या ऊसवाल्यांनी घेऊ म्हणून सह्या केल्या आहेत. पहिली सही दादाची, दुसरी आण्णांची.